थंड पाण्यात डायव्हिंग: सेंट ॲब्स आणि फार्न बेटांसाठी सविस्तर तयारी

तारकर्लीला स्कूबा शिकले तेव्हा तयारी म्हणजे काय, तर पातळ वेटसूट चढवायचा, मास्कला थुंकी लावायची आणि उडी. पाणी २८ अंशांच्या आसपास, वर आलं की कोकम सरबत. काही वर्षांनी स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सेंट ॲब्सच्या बंदरात पहिल्यांदा उतरले तेव्हा नुसते कपडे चढवायला पाऊण तास गेला. पाणी ९ अंश. बेत चाळीस मिनिटांचा होता. मी अठराव्या मिनिटाला अंगठा वर केला, म्हणजे 'वर जाऊ या' अशी खूण केली, कारण डाव्या मनगटातून पाणी शिरून कोपरापर्यंत बाही ओली झाली होती. त्या अठरा मिनिटांत काय पाहिलं ते आजही धड सांगता येत नाही. माझ्या जोडीदाराने त्याच भिंतीवर वुल्फफिश पाहिला, दोन शेवंड पाहिले, एक ऑक्टोपस पाहिला. मी माझं घड्याळ पाहिलं.

कुडकुडणाऱ्या माणसाचं असंच होतं. म्हणून या लेखाचा निम्मा भाग कपडे, वजनं आणि वारा यांवर आहे आणि प्राणी त्यानंतर येतात. हा लेख ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, किंवा उन्हाळी सुट्टीत इकडे येणाऱ्या आणि उबदार पाण्यात थोडंफार डायव्हिंग झालेल्या मराठी माणसासाठी आहे.

जागा कोणती, आणि का

सेंट ॲब्स हे एडिनबरापासून सुमारे ८० किलोमीटरवरचं, उंच कड्यांच्या कुशीतलं मासेमारीचं छोटं गाव. १९८४ साली सेंट ॲब्स आणि शेजारचं आयमथ यांमधला किनारा ऐच्छिक सागरी राखीव क्षेत्र झाला. स्कॉटलंडमधलं असं ते पहिलंच. ऐच्छिक म्हणजे सगळं लोकांच्या समजुतीवर. मच्छीमार सापळे लावून खेकडे आणि शेवंड पकडतात, तो त्यांचा धंदा आहे. डायव्हरने मात्र काहीही उचलायचं नाही, रिकामा शंखसुद्धा नाही. मालवणी रक्त असेल तर निळाशार, जाड नांग्यांचा शेवंड समोर आल्यावर जीव तुटतो, पण हात लावायचा नाही.

फार्न बेटं तिथून दक्षिणेला, इंग्लंडच्या नॉर्थंबरलंड किनाऱ्यासमोर आहेत. सीहाउसेस गावातून बोटी निघतात. तिथे जायचं ते राखाडी सीलसाठी. बेटं १९२५ पासून नॅशनल ट्रस्टकडे आहेत आणि दर हिवाळ्यात तिथे दोन हजारांहून जास्त पिल्लं जन्मतात.

दोन्ही ठिकाणी उत्तर समुद्राचं पाणी हिरवट असतं. हा हिरवा रंग म्हणजे प्लवक, आणि प्लवक म्हणजे जेवण. खाली खडकाचा तळहाताएवढा तुकडाही मोकळा दिसत नाही, तो याच खिचडीमुळे. निळंशार पाणी हवं असेल तर अंदमानला जा.

पहिली पायरी: तुमच्याकडे नेमकं काय आहे ते तपासा

मालवणला बोटीवरून दहा-पंधरा मिनिटं खाली नेतात, प्रशिक्षक मागून सिलिंडर धरून असतो, वर आल्यावर व्हिडिओ आणि एक रंगीत कागद मिळतो. तो अनुभव छान असतो, पण तो परवाना नव्हे. इथे बोटवाला पहिला प्रश्न कार्डाचाच विचारतो. किमान ओपन वॉटर किंवा त्याच्या तोडीचा कोर्स हवा. पाडी, एसएसआय, सीमास, बीसॅक या प्रशिक्षण संस्थांपैकी कुणाचाही चालतो. तारकर्लीच्या एमटीडीसी केंद्रात हा कोर्स रीतसर केला असेल तर ते कार्ड इथेही चालतं. ओपन वॉटरची मर्यादा १८ मीटर आहे आणि या लेखातल्या बहुतेक जागांना तेवढी पुरते.

कोर्स नसेल आणि इथेच राहत असाल, तर ब्रिटिश सब-ॲक्वा क्लब, म्हणजे बीसॅक, या १९५३ पासूनच्या संस्थेची शाखा शोधा. बहुतेक मोठ्या गावांत आणि विद्यापीठांत ती असते. आठवड्यातून एक संध्याकाळ तलावात सराव, सामान उसनं, आणि रविवारी कुणाच्या तरी गाडीत जागा. व्यावसायिक केंद्रापेक्षा वेळ जास्त लागतो, पण त्यात थंड पाण्यात मुरलेली माणसं भेटतात, आणि तेच खरं शिक्षण.

परवाना असला तरी ड्रायसूटचा, म्हणजे आत पाणी येऊ न देणाऱ्या सूटचा, वेगळा छोटा कोर्स करा. तलावात एक सत्र आणि मग एखाद्या जुन्या, पाण्याने भरलेल्या दगडखाणीत दोन डुबक्या. थेट समुद्रात ड्रायसूट पहिल्यांदा घालू नका.

तब्येतीच्या अर्जात खरं लिहा. चाळिशीपुढच्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या मंडळींनी तर नक्कीच. थंड पाण्यात कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त छातीकडे ढकललं जातं, आणि काहींच्या फुप्फुसांत आतूनच पाणी झिरपायला लागतं. दमल्यासारखा श्वास, खोकला, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी ही त्याची लक्षणं. चांगलं पोहता येणाऱ्यांनाही हे होतं. "दम लागला असेल" म्हणून पुढे जायचं नाही. डुबकी तिथेच संपवून पाण्याबाहेर यायचं.

दुसरी पायरी: महिना निवडा

फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी ५-६ अंशांवर असतं, ऑगस्टअखेर १३-१४ पर्यंत चढतं. हवा जुलैत सर्वांत गरम असली तरी समुद्र तापायला वेळ घेतो, त्यामुळे सप्टेंबरचं पाणी जूनपेक्षा सुखाचं. वसंतात, साधारण एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत, प्लवकांचा बहर असतो आणि दोन-तीन मीटरपुढचं दिसत नाही. पहिल्यांदा येणाऱ्याने ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबरची सुरुवात हा काळ धरावा.

थोडे मुरलात की मार्चमध्येही या. त्या दिवसांत लंपसकर नावाचा गोलमटोल मासा उथळ पाण्यात अंडी घालायला येतो. मादी अंडी घालून निघून जाते. नर लालभडक होतो, पोटाखालच्या चकतीने खडकाला चिकटतो आणि अंडी फुटेपर्यंत कित्येक आठवडे न खाता तिथेच पहारा देतो. लाटेने हलवलं तरी हलत नाही.

तिसरी पायरी: ड्रायसूट

आधी एक खुलासा. ड्रायसूटच्या मान-मनगटाला जे रबर असतं त्याला सगळे 'सील'च म्हणतात. फार्नच्या लेखात त्याने घोळ होईल, म्हणून मी त्याला पट्टी म्हणते.

पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढतं. वेटसूटमध्ये पाणी आत येतं आणि अंगाने तापतं. ९ अंशांत तो सौदा परवडत नाही. ड्रायसूटमध्ये पाणी येतच नाही, आत हवा असते, आणि ऊब देतात ते आतले कपडे. म्हणजे सूट हा रेनकोट, खरा स्वेटर आत. आतला पहिला थर मेरिनो लोकरीचा किंवा घाम ओढून घेणाऱ्या कृत्रिम कापडाचा, त्यावर जाड, पूर्ण अंगाचा अंडरसूट. सुती बनियन, सुती मोजे घरी ठेवा. सूट चढवतानाच घाम येतो, सूत तो धरून ठेवतं आणि खाली गेल्यावर तोच घाम थंड पडतो.

चढवायचा क्रम असा. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, कानातलं, गळ्यातलं सगळं आधी काढा. पातळ लॅटेक्सची पट्टी अंगठीच्या एका कोपऱ्याने टरकते, आणि जाड हूडखाली कानातली कुडी इतकी रुतते की दुसरं काही सुचत नाही. केस घट्ट वर बांधा. मानेच्या पट्टीखाली चार केस अडकले तरी पाण्याला वाट मिळते. त्या दिवशी डोक्याला खोबरेल नको, हाताला व्हॅसलीन नको. तेलाने लॅटेक्स सडतं. पट्टीला बिनवासाची टाल्क पावडर लावा. मग बोटं निमुळती जोडून हात सरकवा. पट्टी ओढायची नाही, हात ढकलायचा. मनगटावर पट्टी चपटी, सरळ बसली आहे का, खाली अंडरसूटची बाही डोकावत नाही ना, हे दोन्ही हातांना बोट फिरवून पाहा. माझी त्या पहिल्या दिवसाची ओली बाही भाड्याच्या सूटमुळे होती; पट्टीला नखाएवढी चीर होती आणि घेताना मी ती ताणून पाहिली नव्हती. आता दुकानातच ताणून, उजेडाकडे धरून पाहते.

पाठीवरची झिप दुसऱ्याकडून लावून घ्या आणि शेवटपर्यंत गेली का ते स्वतः विचारा. अर्धा इंच उघडी झिप म्हणजे पाठीत थंड पाण्याचा नळ. झिप लागली की खाली बसा, गुडघे छातीशी घ्या, मानेची पट्टी बोटाने जरा उघडा आणि आतली जादा हवा बाहेर काढा.

आता पाण्यातलं वागणं. छातीवर हवा भरायचं बटण, डाव्या दंडावर हवा सोडायची झडप. खाली जाताना आतली हवा दाबली जाते आणि सूट अंगाला चिमटे काढतो, तेव्हा थोडी थोडी हवा भरा. वर येताना तीच हवा फुगते, म्हणून दंडावरची झडप पूर्ण उघडी ठेवून डावं कोपर वर धरा. हे जमलं नाही तर हवा पायांत जाते, माणूस उलटा होतो आणि फुग्यासारखा वर निघतो. माझं खाणीत सहा मीटरवर झालं होतं. प्रशिक्षकाने आधी घोकून घेतलेलं आठवलं: गुडघे पोटाशी, कोलांटी, पाय खाली, कोपर वर, हवा सोड. उथळ पाण्यात मुद्दाम उलटे होऊन हे पाच-सहा वेळा करा, हाताला आपोआप यायला हवं.

हातमोजे किमान ५ मिलिमीटरचे, हूड ७ मिलिमीटरचा. हातमोज्यांत क्लिप उघडणं, टॉर्चचं बटण दाबणं, बोटीला दिसावं म्हणून वर सोडायच्या फुग्याची दोरी सोडणं याचा सराव घरी बसून करा. मी टीव्ही बघताना करायचे.

आणि एक न बोलला जाणारा विषय. थंड पाण्यात लघवी जास्त होते. ती टाळण्यासाठी बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि ते धोक्याचं आहे, कारण शरीरात पाणी कमी असलं की डायव्हिंगच्या विकाराची, म्हणजे वर येताना रक्तात वायूचे बुडबुडे धरण्याची, शक्यता वाढते. मोठ्यांचे डायपर औषधाच्या दुकानात मिळतात. बोटीवरचे निम्मे लोक घालून असतात, कुणी सांगत नाही एवढंच.

चौथी पायरी: रेग्युलेटर, हवा, वजनं

रेग्युलेटर म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र. तो भाड्याने घेताना थंड पाण्याचा आहे का ते विचारा. सिलिंडरमधली दाबाखालची हवा पसरताना खूप थंड होते. आधीच थंड पाण्यात तिथे बर्फ धरतो, झडप उघडी राहते आणि हवा धो-धो सुटते. १० अंशांखालच्या पाण्यासाठी वेगळी चाचणी झालेले रेग्युलेटर असतात, तेच घ्या. तरीही काठावर उगाच श्वास घेऊन पाहायचा नाही आणि सूट फुगवताना त्याच क्षणी जोराने श्वास ओढायचा नाही. हवा सुटलीच, तर माउथपीस तोंडात पूर्ण न धरता ओठांशी टेकवून उसळत्या हवेतून घोट घेता येतो. जोडीदाराकडे जायचं, त्याचा जादा रेग्युलेटर घ्यायचा आणि दोघांनी मिळून वर यायचं. हेही कोरड्यावर करून पाहा.

हवेचा हिशोब घरी करा. १२ लिटरचा सिलिंडर, २०० बार (बार हे दाबाचं माप) भरलेला, ५० बार राखीव. वापरायला १५० गुणिले १२, म्हणजे १,८०० लिटर. १५ मीटरवर दाब वरच्यापेक्षा अडीचपट. वर मिनिटाला २० लिटर लागत असतील तर तिथे ५०, म्हणजे ३६ मिनिटं. पण पहिल्या थंड डुबकीत माणूस २५ लिटर तरी ओढतोच, मग तोच सिलिंडर २९ मिनिटांत आटोपतो. बेत लहान हिशोबावर करा.

वजनाचा आकडा ऐकून दचकू नका. तारकर्लीत जिथे ४-५ किलो पुरत होतं तिथे इथे १० ते १४ किलो लागतं, कारण अंगावर हवेने भरलेला अंडरसूट आहे. पण डोळे झाकून जास्त घेऊ नका. डुबकीच्या शेवटी, सिलिंडरमध्ये ५० बार उरलेले असताना, ३ मीटरवर सूट जवळजवळ रिकामा करून स्थिर राहता आलं की वजन बरोबर. त्या दिवशीचा आकडा, पाणी गोडं की खारं, आणि कोणता अंडरसूट होता हे वहीत लिहून ठेवा. खाणीतल्या गोड्या पाण्यावरून समुद्रात येताना दोनेक किलो वाढवावं लागतं.

पाचवी पायरी: वारा आणि भरती

आपल्या डोक्यात पश्चिमेचा वारा म्हणजे खवळलेला दर्या, आषाढ, बंद होड्या. इथे उलटं आहे. समुद्र पूर्वेला, त्यामुळे पश्चिमेचा वारा जमिनीवरून येतो आणि कड्यांखालचं पाणी तळ्यासारखं शांत ठेवतो. पूर्वेचा वारा सुटला की दूरवरून लाटा येतात, तळ ढवळतो, आणि वारा पडल्यावरही एक-दोन दिवस पाणी गढूळ राहतं. म्हणून आजचा अंदाज बघून भागत नाही, मागच्या तीन दिवसांत वारा कुठून होता तेही बघा. मला हे अंगवळणी पडायला एक मोसम आणि तीन फुकटच्या फेऱ्या लागल्या.

या किनाऱ्यावर ऐनवेळी बेत रद्द करायला कुणी लाजत नाही. १४ ऑक्टोबर १८८१ च्या वादळात इथले १८९ मच्छीमार बुडाले, त्यातले १२९ एकट्या आयमथचे. ज्या बायका-मुलांनी काठावरून ते पाहिलं त्यांचे छोटे कांस्य पुतळे आज समुद्राकडे तोंड करून उभे आहेत. सेंट ॲब्सलाही एक आहे. बोटवाला "आज नको" म्हणाला तर वाद घालू नका.

भरती-ओहोटीचं गणित कोकणातलंच. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगाच्या दिवसांत ओढ कमी असते. फार्नला बेटांमधून पाणी नदीसारखं धावतं, त्यामुळे तिथे भरती-ओहोटीच्या मधल्या थांबलेल्या पाण्यातच उतरायचं, आणि ती वेळ बोटवाला ठरवतो. सेंट ॲब्सला काठावरून उतरताना ओहोटी असेल तर शेवाळलेल्या खडकांवर चौदा किलो घेऊन जास्त चालावं लागतं, घोटे सांभाळा.

सहावी पायरी: कॅथीड्रल रॉक

कॅथीड्रल रॉक हा सेंट ॲब्सच्या बंदराजवळचा, पाण्याखालच्या कमानीचा खडक. जवळच्या रेस्टनचं रेल्वे स्टेशन २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालं, पण सिलिंडरसह गाडीच बरी. बंदरावर जागा थोडी असते, उन्हाळी रविवारी लवकर पोचा, पार्किंगचे पैसे भरा आणि मच्छीमारांच्या दोऱ्या-सापळ्यांवर सामान पसरू नका.

पाण्यात उतरल्यावर लगेच खाली जाऊ नका. मास्क कपाळावर सरकवा आणि चेहरा दोन-तीनदा पाण्यात बुडवा. पहिल्यांदा श्वास अडकतो, कपाळात कळ जाते. मिनिटभरात ते निवतं. हे वर करून घेतलं तर मास्कमध्ये पाणी शिरल्यावर खाली घाबरायला होत नाही.

आधी केल्प या मोठ्या समुद्री शेवाळाचं रान लागतं. मनगटाएवढे देठ, वर चामड्यासारख्या पट्ट्या, सगळं लाटेबरोबर एकदम एका बाजूला झुकतं आणि परत येतं. त्यातून वाट काढताना हातपाय मारू नका, लाट पुढे नेते तेव्हा जा, मागे ओढते तेव्हा देठ धरून थांबा. मग खडकाची भिंत येते आणि तिच्यात कमान. कमानीचा तळ साधारण १२ ते १५ मीटरवर, त्यामुळे ओपन वॉटरवाल्यालाही जाता येतं. टॉर्च इथे रात्रीसाठी नाही, रंगांसाठी. पाणी लाल रंग आधी गिळतं, सगळं हिरवं-करडं दिसतं, आणि प्रकाश टाकला की भिंत पेटते. पांढरे-केशरी मऊ प्रवाळ सगळीकडे लोंबत असतात. इंग्रजीत त्यांना डेड मॅन्स फिंगर्स म्हणतात, मुडद्याची बोटं. नाव अभद्र, पण जवळून पाहा: प्रत्येक बोटावर शेकडो आठ-पाकळ्यांची पारदर्शक फुलं उघडी असतात. हातमोजा नुसता जवळ नेऊन पाणी हललं तरी ती मिटतात आणि बोट गुळगुळीत होतं. मिनिटभर थांबलात तर एकेक परत उघडतं.

कमानीजवळ बॅलन रॅस हे जाड ओठांचे, तपकिरी-हिरवे मासे माणसाला सरावलेले आहेत, मास्कशी येऊन डोळ्यांत बघतात. हे सगळे मादी म्हणून जन्मतात आणि मोठे झाल्यावर त्यांतले काही नर होतात. काही डायव्हर त्यांना बोलावण्यासाठी सी-अर्चिन फोडून घालतात. ते करू नका. तेवढ्यासाठी एक जीव फोडायचा नसतो, आणि इथला नियमही आहे.

वुल्फफिश शोधायचा तर भिंतीच्या पायथ्याच्या आडव्या कपारी पाहा. कपारीसमोर खेकड्याच्या पाठी आणि अर्चिनच्या कवचांचा चुरा पडलेला दिसला की घर कुणाचं ते कळतं. टॉर्च थेट डोळ्यांत नको, बाजूने. निळसर करडा सुरकुतलेला चेहरा, अंगावर गडद आडवे पट्टे, आणि पुढे आलेले वेडेवाकडे दात. भांडकुदळ म्हातारा दारात बसल्यासारखा. कवचं फोडून झिजलेले दात तो दर वर्षी टाकतो, नवे येतात. हा उत्तरेकडचा, खोल आणि गार पाण्याचा मासा. ब्रिटनमध्ये साध्या डायव्हरच्या आवाक्यात तो भेटतो अशा जागा थोड्याच, आणि सेंट ॲब्स त्यांतली नावाजलेली. कपारीत हात घालू नका. तो हल्ला करत नाही, पण त्याच्या जबड्याला बोट आणि खेकडा यांतला फरक कळावा अशी अपेक्षा ठेवू नये.

मे ते जुलैमध्ये आलात तर वरही बघा. कड्यांवर गिलेमॉट पक्ष्यांची वस्ती असते आणि ते माशांमागे पाण्यात शिरतात. खालून पाहिलं तर काळ्या-पांढऱ्या पक्ष्याने पंख मारत चंदेरी बुडबुड्यांची रेघ ओढत जाणं हे दोन सेकंदांचं दृश्य असतं. मला चार वर्षांत दोनदाच दिसलं.

ॲडव्हान्स्ड कार्ड आणि वीस-पंचवीस थंड डुबक्या गाठीला असतील तर कड्यापुढे १९१२ साली बुडालेली ग्लानमायर ही आगबोट सुमारे ३० मीटरवर आहे. त्याआधी नको.

सातवी पायरी: फार्नचे सील

सप्टेंबर आणि ऑक्टोबरची सुरुवात यांत जा. ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत पिल्लांचा काळ, तेव्हा आया हळव्या आणि नर आक्रमक असतात. त्या दिवसांत किनाऱ्यावरून दुर्बीण बरी. मोठा नर २०० किलोंच्या वर जातो, हे विसरायचं नाही. राखाडी सील ओळखायचा तो लांब, घोड्यासारख्या तोंडावरून. दुसऱ्या साध्या सीलचं डोकं गोल, मांजरासारखं.

बोट तुम्हाला खडकांमधल्या घळीत सोडते, खोली ५ ते १० मीटर. खाली जा, केल्पशेजारी एक खडक पकडा आणि बसा. पोहू नका, शोधू नका, हात हलवू नका. सीलच्या मागे जाणाऱ्याला सीलची शेपूट दिसते, तीही एकदाच. दहा मिनिटं काहीच होत नाही. मग पायाला काहीतरी ओढ लागते. मागे वळलं तर कुणी नाही. दुसऱ्यांदा ओढ. हा सीलचा नेहमीचा खेळ, मागून येऊन फिन चावणं. मला वाटलं जोडीदार घाई करतोय, म्हणून मी रागाने वळले तर फुटावर मिशाळ तोंड, पाण्याने भरल्यासारखे मोठे काळे डोळे, आणि तोंडात माझ्या फिनची कड. एक तरुण सील. मी हात अंगाशी घेतले. तो माझ्या बुडबुड्यांतून गिरकी मारून गेला, पाठीवर उताणा होऊन परत आला, आणि पुढची वीस मिनिटं मोजे, टॉर्च, नळी सगळं मिशांनी तपासत होता.

तेव्हाही हात पुढे करायचा नाही. सीलच्या तोंडात असे जंतू असतात की साध्या चाव्याने बोट आठवडाभरात सुजून वाकेनासं होतं. दात लागलाच तर डॉक्टरला "सील चावला" हे शब्द स्पष्ट सांगा, कारण नेहमीची प्रतिजैविकं त्यावर चालत नाहीत, टेट्रासायक्लिन गटातली लागतात. गुहेत शिरू नका आणि सील व मोकळं पाणी यांच्यामध्ये येऊ नका. मोठा नर तोंड वासून दाखवू लागला किंवा पाण्यावर फटके मारू लागला तर शांतपणे निघा.

उन्हाळ्यात लायन्स मेन जेलीफिशकडे लक्ष ठेवा. तिचे केसांसारखे तंतू मीटरभर नव्हे, कित्येक मीटर मागे तरंगतात आणि तुटून वेगळे झाले तरी डंख मारतात. अंगावर सगळीकडे रबर असल्याने खाली कळत नाही. वर आल्यावर हातमोज्याने तोंड पुसलं की कळतं. आधी मोजे धुवा.

वर येताना आणि वर आल्यावर

५ मीटरवर तीन मिनिटं थांबा, आणि तिथूनच नारिंगी फुगा वर सोडा. फार्नला हा फुगा नसेल तर बोट तुम्हाला शोधणार कशी? सापळ्यांच्या दोऱ्यांत अडकायची शक्यता असते, म्हणून दोरी कापायची छोटी कात्री हाताला येईल अशी लावा. जोडीदार दिसेनासा झाला तर एक मिनिट गोल फिरून पाहा, नाही दिसला तर वर या.

काही बिनसलं तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागा, बोटीवर असाल तर व्हीएचएफ रेडिओची वाहिनी १६. सांधे दुखणं, मुंग्या येणं, विचित्र थकवा, अंगावर चट्टे ही डायव्हिंगच्या विकाराची लक्षणं काही तासांनीही दिसू शकतात. "थंडीने असेल" म्हणून झोपू नका, शुद्ध ऑक्सिजन सुरू करून फोन करा. सेंट ॲब्सची बचावनौका गावकऱ्यांची स्वतःची आहे. जुनं केंद्र २०१५ मध्ये बंद झालं, तेव्हा लोकांनी वर्गणी काढली, बिस्किटवाल्या टनॉक घराण्याने मोठा वाटा उचलला आणि २०१६ मध्ये 'थॉमस टनॉक' पाण्यात आली. बंदरात तिची दानपेटी दिसली तर हात आखडू नका.

बाहेर आल्यावर पहिलं काम ओला हूड काढून कोरडी लोकरीची टोपी घालणं, सूट नंतर. थर्मासमध्ये आल्याचा चहा, डब्यात शेंगदाण्याचे लाडू. हात थरथरत असताना सोलावं, कापावं लागेल असं काही आणू नका. लगेच कढत पाण्याखाली उभं राहू नका आणि त्या संध्याकाळी बिअरही पोटभर जेवणानंतरच. विमान असेल तर शेवटच्या डुबकीनंतर किमान १८ तास जाऊ द्या, मी २४ धरते.

घरी सूट गोड्या पाण्याने धुवा, झिप उघडी ठेवून उलटा टांगा, पट्ट्यांना पुन्हा टाल्क लावा. रेडिएटरवर टाकू नका, लॅटेक्स कडक होतं. आणि मनगटाची पट्टी तेव्हाच ताणून, उजेडाकडे धरून बघून ठेवा. रविवारी पहाटे पाच वाजता चीर सापडून उपयोग नसतो.